आमच्या साडूंचे लसूण-फ्राइज

आमच्या साडूंनी उभ्या आयुष्यात एकही पदार्थ नुसता खाल्लेला नाही. आधी त्यांनी तो तपासलेला असतो, आणि तपासून काही उरलं तर खाल्लेला असतो. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. सासरचे सगळे त्यांना दाजी म्हणतात, म्हणून मीही दाजीच म्हणतो. अंकुशनगरला साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत त्यांची सगळी नोकरी झाली. उसाचा रस, पाक, मळी, जे काही त्या इमारतीत वाहायचं ते आधी दाजींच्या काचेच्या नळीत यायचं आणि त्यांनी मान हलवली की मग पुढे जायचं. निवृत्त झाल्यावर त्यांनी जालन्यात घर बांधलं, मस्तगडातल्या माझ्या कापडाच्या दुकानापासून चालत येण्याच्या अंतरावर. रोज उठून इतकं तपासायची सवय लागलेला माणूस एकदम रिकामा झाला की तो काय करणार? त्यांनी गाव तपासायला घेतलं.

निरोपाच्या दिवशी सहकाऱ्यांनी शाल-नारळाबरोबर काय भेट देऊ म्हणून विचारलं, तेव्हा घड्याळ नको, मूर्ती नको, ब्रिक्स मीटर द्या, असं दाजींनी सांगितलं. बोटाएवढ्या जाडीची ती एक नळी असते. एका टोकाच्या काचेवर रसाचा थेंब टाकायचा, दुसऱ्या टोकाला डोळा लावून उजेडाकडे बघायचं, की रसात गोडी किती ते आकड्यात दिसतं. ही नळी दाजींच्या सदऱ्याच्या खिशात पेनाच्या जागी असते. मोसंबीच्या दिवसांत ते गाड्यापुढे उभे राहून एक फळ कापायला लावतात, थेंब घेतात आणि भर बाजारात एक डोळा मिटून आभाळाकडे बघत राहतात. मग येणारे-जाणारेही थांबून आभाळाकडे बघतात. एकदा एक गाडीवाला हात जोडून म्हणाला, "साहेब, घ्यायची तर घ्या, न्हाई तर नका घेऊ. पण दुर्बीण लावून बघू नका. गिऱ्हाईक बिचकून राह्यलं." दाजींनी त्याला शांतपणे आकडा सांगितला, त्याचा माल चांगला असल्याचं सर्वांसमक्ष जाहीर केलं आणि एकही मोसंबी न घेता पुढे गेले. नात्यातल्या एका लग्नात तर नवरदेव वेशीपर्यंत आलेला असताना ते आचाऱ्याच्या मागे उभे होते. पाक अजून पुरता झालेला नाही, असं त्यांचं म्हणणं. आचारी म्हणाला, "दाजी, वरात आली." दाजी म्हणाले, "वरात थांबू शकते. पाकाचं तसं न्हाई." दाजींच्या घरात मुलगी देणाऱ्यांची मला नेहमीच काळजी वाटत आली आहे.

आमच्या घरी ते चहाला आले की माझी बायको गॅसपुढे परीक्षेला बसल्यासारखी उभी राहते. पहिला घोट घेऊन दाजी कप खाली ठेवतात, भिंतीकडे बघतात आणि म्हणतात, "पत्ती चांगली हाय. उकळी जरा जल्दी उतरवली." ह्यात टीका नसते. पावसाचा अंदाज सांगणाऱ्याला जसा पावसाचा राग नसतो, तसं दाजींचं आहे. जे आहे ते सांगून मोकळं व्हायचं, आणि समोरच्यानेही मोकळं व्हावं अशी त्यांची साधी अपेक्षा. ती अजून कोणी पुरी केलेली नाही.

ह्या माणसाच्या घरात मात्र त्यांच्या उपकरणांना काडीची किंमत नव्हती, कारण त्या घरात आक्का होत्या. आक्का म्हणजे माझी मेहुणी, दाजींच्या पत्नी. त्यांच्या नाकापुढे दाजींची सगळी प्रयोगशाळा फिकी पडायची. ओसरीवर बसून शेंगा सोलता सोलता त्या एकदम म्हणायच्या, "शेजारच्या वहिनींचं वरण लागायला आलं बघा," आणि पाच-दहा पावलं जाऊन सांगेपर्यंत ते खरंच लागलेलं असायचं. कारखान्याच्या वसाहतीत काळा मसाला करायचा झाला की बायका त्यांना बोलावून नेत. आक्का काही करायच्या नाहीत. खुर्ची टाकून बसायच्या आणि खोबरं कधी उतरवायचं, दगडफूल कधी टाकायचं ते नुसत्या वासावर सांगायच्या. दिवाळीला दाजी नळी घेऊन चुलीपाशी आले तर म्हणायच्या, "तुम्ही बघा तुमच्या भिंगातून. तवर माझे लाडू वळून होतेत." नवराबायकोचा हा सामना वर्षानुवर्षं चालला होता आणि त्यात दाजी सतत हरत होते, अतिशय आनंदाने.

मग आक्कांना ताप आला. चार-आठ दिवसांत उतरला, पण उतरताना वास घेऊन गेला. मीठ, साखर, कडू एवढं जिभेला कळायचं. बाकी वरण काय, भाजी काय, आंबा काय, सगळं एकसारखं. "ओला कागद चावल्यावाणी लागतंय," असं त्या म्हणायच्या. डॉक्टरांनी सांगितलं, येईल हळूहळू, कुणाचा लवकर येतो, कुणाला वेळ लागतो, कुणाचा राहूनही जातो. दाजींना हे उत्तर पटलं नाही. त्यांनी घरीच तपासणी केली. आक्कांच्या डोळ्यांवर उपरणं बांधलं आणि नाकाखाली एकेक वस्तू धरत गेले. लवंग, कापूर, रॉकेलचा बोळा, उदबत्ती, शेवटी स्वतःचा पायमोजा. दर वेळी आक्का विचारायच्या, "धरलं का काही?" मोज्यालाही त्यांनी तेच विचारलं, तेव्हा दाजींनी उपरणं सोडलं. आक्का म्हणाल्या, "माझ्यावर तुमची लॅबोरेटरी चालवू नका हो." हे दाजींनीच मला नंतर सांगितलं. सांगताना ते हसले नाहीत, म्हणून मलाही हसता आलं नाही.

त्यानंतरही आक्का स्वयंपाक करत होत्या. दूध लागायचं, फोडणी करपायची, त्यांना पत्ता नसायचा. एक दिवस दाजी दूध घेऊन दुपारी घरी आले तर दारातच गॅसचा उग्र वास. शेगडीचं बटण अर्धवट फिरलेलं, खिडकी बंद, आणि आक्का आत खाली बसून निवांत मेथी निवडत होत्या. दाजींनी बटण बंद केलं, खिडकी उघडली आणि त्यांना दंडाला धरून बाहेर अंगणात आणलं. आक्कांच्या हातात मेथीची जुडी तशीच होती. "काय झालं?" त्या विचारत होत्या, "अहो, काय झालं ते सांगा की." दाजींनी सांगितल्यावर त्यांनी जुडी पायरीवर ठेवली. त्या दिवसापासून त्यांनी स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडला नाही. पाणीसुद्धा ओसरीवरच्या माठातलं प्यायच्या. स्वयंपाकाला बाई लावली. ती बरं करायची, पण बरं काय नि वाईट काय, आक्कांना सारखंच. दोन घास खाऊन ताट बाजूला. दिवाळीला शिवलेला झंपर होळीपर्यंत खांद्यावरून उतरायला लागला.

ह्यात फ्राइज आले ते असे. त्यांचा मुलगा पुण्याहून आला होता. तो दोघांना संभाजीनगर रोडवरच्या एका नव्या हॉटेलात घेऊन गेला. आक्का "मला काही नको" म्हणून हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. मुलाने स्वतःसाठी लसूण घातलेले फ्राइज मागवले. बटाट्याच्या लांब काड्या, तळलेल्या, वरून लसूण आणि कोथिंबीर. त्याने आग्रह केला म्हणून आक्कांनी एक उचलला. चावला, आणि थांबल्या. मग दुसरा घेतला. "अहो," त्या दाजींना म्हणाल्या, "ह्याचा आवाज येऊन राह्यला. अन् जिभेला चटका लागतोय बघा, लसणाचा." त्यांनी ती प्लेट एकटीने संपवली. दुसरी मागवू का म्हटल्यावर मात्र लाजल्या, इकडेतिकडे बघून म्हणाल्या, "नको. लोक म्हणतील म्हातारी उपाशी होती काय." पुन्हा त्या हॉटेलात यायला त्यांनी साफ नकार दिला. दोन दिवसांनी दाजी एकटेच जाऊन पार्सल घेऊन आले, पण घरी येईपर्यंत डब्यातल्या वाफेने ते मऊ पडले होते. आक्कांनी एक खाल्ला आणि म्हणाल्या, "हा मुका हाय."

दुसऱ्या दिवशी दाजी सकाळीच माझ्या दुकानात. बोहनी व्हायची होती. मला म्हणाले, "पाव्हणं, सगळ्यात जास्त पाणी पिणारं कापड दाखवा." मला वाटलं टॉवेल हवा असेल. त्यांनी पिशवीतून पाण्याची बाटली आणि एक चमचा काढला आणि माझ्या काउंटरवर पाण्याची ओळीने थारोळी केली. मग मलमल, मांजरपाट, दोसुती, पंचाचं कापड, एकेका थारोळ्यावर एकेकाचा तुकडा टाकून चष्मा वर करून बघत बसले. ब्लाउजपीस घ्यायला आलेल्या एक बाई हळूच विचारत्या झाल्या, "दादा, ह्यांना काय पाहिजे?" मी म्हणालो, "मला अजून कळलं नाही." दाजींनी मान न उचलता खुलासा केला, "आलू पुसायचेत." त्या बाई नंतर येते म्हणून गेल्या. शेवटी दाजींनी निकाल दिला, की नव्या कापडाला खळ असते, ते पाणी पीत नाही, पाणी पिण्यासाठी कापड वर्षानुवर्षं धुतलेलं पाहिजे. "तुमच्याकडं जुनं न्हाई का?" कापडाच्या दुकानात उभं राहून असं विचारणारं गिऱ्हाईक मला पहिल्यांदाच भेटत होतं. शेवटी माझ्या दोन जुन्या सुती लुंग्या त्या कामाला गेल्या. त्या मला परत मिळालेल्या नाहीत.

काउंटर पुसता पुसता त्यांनी मला सगळी बाब समजावली. "हे बघा पाव्हणं. वास नाकाचा. तो गेला. पण कुरकुरीतपणा नाकाचा न्हाई, कानाचा हाय. आणि कच्च्या लसणाचा चटका नाकाचा न्हाई, जिभेच्या कातडीचा हाय. म्हंजे दोन रस्ते अजून चालू हायेत. तिच्यापर्यंत जायला आपल्याला तेवढे दोनच." मग बाटलीचं झाकण लावत म्हणाले, "हॉटेलवाल्याला जमतं ते घरी जमलंच पाहिजे. आपण साखर केली हो. आलू काय चीज हाय!"

आलू काय चीज आहे ते पुढच्या काही रविवारांत आम्हाला कळलं. दर रविवारी सकाळी आम्हा नवराबायकोला बोलावणं असायचं, कारण चाखायला वास शाबूत असलेली माणसं हवी होती. पहिल्या वेळचे फ्राइज उसाच्या कांड्यांएवढे जाड होते, बाहेरून तांबूस आणि आत उकडलेल्या बटाट्यासारखे. ते उभे धरले की मान टाकायचे. दाजींनी कारण शोधलं: पिष्ट. चिरलेला बटाटा थंड पाण्यात धुवायचा, पाणी दुधासारखं होतं ते फेकायचं, पुन्हा धुवायचा, पाणी स्वच्छ दिसेपर्यंत. पुढच्या रविवारी तसं केलं. ह्या वेळचे कोळशासारखे काळे झाले, आणि आत तरीही मऊ. दाजी एक काळा फ्राय हातात धरून कितीतरी वेळ उभे होते. मग एकदम ओरडले, "साखर! अगं, साखर हाय ह्यात!" बटाटा शीतगृहात राहिला की त्यातल्या पिष्टाची साखर होते, आणि ती तेलात जळते, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. ज्या साखरेचा उतारा वाढावा म्हणून त्यांनी जन्मभर पगार घेतला, तीच आता नको तिथे आपणहून वाढली होती. ह्या गोष्टीचा त्यांना मनापासून अपमान वाटला.

तेव्हापासून भाजीबाजारात त्यांचा नवा कार्यक्रम सुरू झाला. एकेका पोत्यातला एकच बटाटा मागून घ्यायचा, घरी जाऊन त्याची चकती तळायची, रंग बघायचा आणि मग परत बाजारात जाऊन त्या पोत्यातले हवे तेवढे घ्यायचे. एक भाजीवाली त्यांना बघताच म्हणायची, "बाबा, हा घ्या तुमचा एक. पास झाला तर या." बटाटे पास झाले तर दाजी खरोखरच तिला तसं सांगायचे, नापास झाले तरीही जाऊन सांगायचे. धुतलेले बटाटे आधी थोडं मीठ आणि व्हिनेगर घातलेल्या पाण्यात अर्धे उकडून घ्यायचे, म्हणजे तळताना मोडत नाहीत, हे त्यांना मुलाने फोनवर सांगितलं. मग ते वाळवायला ओसरीवर खाट टाकली, खाटेवर माझ्या लुंग्या अंथरल्या, लुंग्यांवर एकमेकांना न चिकटता बटाट्याच्या काड्या मांडल्या आणि वर पंखा सोडला. शेजारच्या वहिनी कुंपणावरून विचारायच्या, "दाजी, ह्या वर्षी वाळवण लई लवकर काढलं?" दाजी सांगायचे, "वाळवण न्हाई वहिनी, ट्रायल हाय."

लसणाचं प्रकरण वेगळंच. पहिल्यांदा त्यांनी लसूण सरळ उकळत्या तेलात टाकला. तो क्षणात काळा पडला. आक्कांनी तोंडात घातलेला घास बाहेर काढला आणि "कडू" एवढाच अभिप्राय दिला. मग दाजींनी तूप वेगळं गरम करून, गॅस बंद करून, त्यात बारीक चिरलेला लसूण टाकायचा आणि त्यातला थोडा तसाच कच्चा ठेवायचा, अशी पद्धत काढली. लसूण गावठी पाहिजे, पाकळ्या बारीक, सोलायला कटकटीच्या. तो सोलायचं आणि चिरायचं काम माझ्याकडे आलं. माझ्या बोटांचा वास आठवडाभर जायचा नाही, आणि दुकानात साडी उलगडून दाखवली की बायका पदर नाकाला लावायच्या. मी दाजींकडे तक्रार केली. ते म्हणाले, "तेवढं सहन करा हो. तुम्हाला येतो तरी."

आक्का ह्या सगळ्यात कुठे होत्या, तर ओसरीवर. खुर्ची स्वयंपाकघराकडे पाठ करून ठेवलेली. दाजी बशी आणून पुढे धरायचे, त्या एक उचलायच्या, चावायच्या आणि मान हलवायच्या. आत एकदाही बघायच्या नाहीत. मला खरं सांगायचं तर त्या केवळ नवऱ्याचं मन राखायला खातात असं वाटत होतं, आणि हा खेळ आणखी किती रविवार चालणार ह्याचा मी अंदाज बांधायला लागलो होतो. माझ्या बायकोने तर घरी येताना रस्त्यात विचारलं, "दाजींना कुणी सांगावं का, की आता बस करा?" सांगणार कोण, ह्या प्रश्नावर आम्ही घर गाठलं.

पुढच्या रविवारी सगळं बरोबर जमून आलं होतं. पास झालेले बटाटे, कोरडे ठणठणीत. एकदा मंद आचेवर तळून बाहेर काढून ठेवलेले. आता दुसऱ्यांदा मोठ्या आचेवर तळायचे होते. दाजींनी कढईत थर्मामीटर सोडला होता आणि त्याच्यावर डोळा ठेवून ते उभे होते. मी लसणाचं ताट घेऊन दारात. एवढ्यात ओसरीवरून आक्कांचा आवाज आला, "काढा आता."

दाजी म्हणाले, "अजून टाइम हाय."

"अहो, काढा म्हणते ना. पाणी संपलं त्यातलं."

"तुला बाहेर बसून काय कळतं? थर्मामीटर बराबर हाय माझा."

"तुमचा थर्मामीटर बहिरा हाय," आक्का म्हणाल्या. "ऐका की जरा. आधी तडतड करून राह्यलं होतं. आता बारीक सरसर येऊन राह्यली. करपतेत बघा."

दाजींनी आकडा यायची वाट बघितली. आकडा आला तेव्हा फ्राइज गडद तपकिरी झाले होते. त्यांनी ते ताटात काढले आणि कुणालाच दिले नाहीत. खुर्चीवर बसून स्वतःच एकेक खात राहिले. जरा वेळाने मला हळूच म्हणाले, "पाव्हणं, तिला तिथून ऐकू आलं."

"हो."

"मला इथं उभं राहून न्हाई आलं." आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर मोठा आनंद पसरला. हरण्यात ह्या माणसाला सुख होतं हे मी वर सांगितलंच आहे. पण इतका हरखलेला मी त्यांना कधी पाहिला नव्हता. त्यांनी लगेच उरलेले बटाटे पुढे ओढले, मला तेलाखालचा गॅस वाढवायला लावलं आणि कढईत दुसरा घाणा सोडला. थर्मामीटर तेलातच होता, पण ते त्याच्याकडे बघत नव्हते. झारा हातात धरून दाराकडे तोंड करून उभे राहिले आणि ओरडले, "काढू का?"

"थांबा."

तेल तडतडत होतं. माझी बायको ओसरीवर आक्कांच्या शेजारी बसली होती. मी कान देऊन ऐकत होतो, पण मला सगळी तडतड एकसारखीच वाटत होती.

"काढू?"

"थांबा म्हणलं ना. घाई नका करू." दाजी झारा तेलाच्या अगदी वर धरून उभे राहिले. आणि मग, "आता. आता काढा, जल्दी!"

दाजींनी झाऱ्याने सगळे एका हिसक्यात उचलले, निथळले, परातीत टाकले, वर लसणाचं तूप, कच्चा लसूण, मीठ, कोथिंबीर. परात दोन्ही हातांनी हलवली तेव्हा वाळूवर चालल्यासारखा आवाज झाला. बशी घेऊन ते ओसरीवर गेले. आक्कांनी एक उचलला आणि चावला. तो कुर्रकन वाजला. मला आतपर्यंत ऐकू आला. त्यांनी दुसरा घेतला, तिसरा घेतला. दाजी समोर उभे राहून त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"लसूण कमी पडला," आक्का म्हणाल्या.

"आणखी टाकू?"

"टाकू म्हंजे काय? किती टाकला ते तरी बघू द्या." आणि त्या उठल्या. बशी हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आल्या आणि उंबऱ्याशी थांबल्या. माझ्या बायकोने माझ्याकडे बघितलं. आक्का आत न बघता म्हणाल्या, "गॅस बंद हाय का?"

"बंद हाय," दाजी म्हणाले.

"दाखवा."

दाजी त्यांच्या बाजूने आत गेले, शेगडीचं बटण बंद असलेलंच पुन्हा फिरवून दाखवलं, मग खाली वाकून सिलिंडरचंही बंद करून दाखवलं आणि खिडकी पुरी उघडली. आक्कांनी सगळं नीट पाहिलं. मग उंबऱ्यावरून पाऊल आत टाकलं, माझ्या ताटातला लसूण मुठीने उचलला आणि म्हणाल्या, "भाऊजी, एवढा जाड चिरतेत का? सरका तिकडं." मी सरकलो. मला त्या दिवशी सरकायला फार बरं वाटलं.

त्यानंतर आक्का हळूहळू कानाने स्वयंपाक करायला शिकल्या. मोहरी तडतडायची थांबली की पुढचं टाकायचं. भाकरीवर बोट वाजवून बघायचं. दूध वर येताना पातेल्याच्या कडेला जी बारीक शीळ वाजते ती आक्कांच्या घरी गेल्यावर आम्हालाही ऐकू यायला लागली. आधी ती होती की नव्हती, देव जाणे. दाजींनी गॅस गळाला की किंचाळणारं एक यंत्र भिंतीला लावलं. ते अधूनमधून उगाचच किंचाळतं आणि आक्का त्याला शिव्या देतात. आक्कांचं अंग पुन्हा भरलं. काळा मसाला मात्र त्यांनी सोडला तो सोडलाच. वसाहतीतल्या जुन्या मैत्रिणींचा फोन आला की म्हणतात, "ते काम आता माझ्या हातचं न्हाई बाई." त्यांच्या घरी मसाल्याचा डबा आता आमच्याकडून जातो. कसा झालाय ते कधी विचारत नाहीत, आणि माझी बायकोही सांगत नाही.

वास अजून आलेला नाही. फ्राइजचा रविवार अजून चालू आहे. आता कढईपाशी आक्का असतात आणि लसणाच्या तुपापाशी दाजी. मागच्या खेपेला मी दारात टेकून उभा होतो. दाजींनी गरम तुपात लसूण टाकला आणि तो घमघमाट घरभर झाला. आक्का झारा हलवत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "कसा येऊन राह्यला वास?"

"चांगला."

"चांगला म्हंजे कसा? नीट सांगा की."

दाजींनी घसा साफ केला. "म्हंजे असं बघ, लसणात गंधकाचे जे घटक असतात ना, ते तुपात..."

"ते नको."

दाजी चमचा हातात घेऊन उभे राहिले. खिडकीबाहेर शेजारच्या वहिनी दोरीवर कपडे वाळत घालत होत्या, तिकडे बघत राहिले. मला वाटलं, विषय संपला. मग ते म्हणाले, "आपल्याला क्वार्टर मिळालं न्हवतं, तवा अंबडला त्या एका खोलीत राह्यलो होतो बघ. मी सकाळची पाळी संपवून सायकलवर यायचो. तू उन्हाचं दार लोटून आत पाट्यावर ठेचा वाटत बसायचीस. मी गल्लीच्या तोंडाशी आलो ना, की तिथंच कळायचं, आपल्या घरी आज ठेचा हाय. मंग मी सायकलवरून उतरायचो अन् उरलेली गल्ली पायीच यायचो. हळूहळू." त्यांनी तुपात चमचा फिरवला. "तसा येऊन राह्यला."

आक्कांनी परातीतला एक फ्राय उचलून चावला. कढईतलं तेल तडतडत होतं.

"पायी का यायचे?" त्यांनी विचारलं. "मला कधी सांगितलं न्हाई."

आक्कांनी गॅस बारीक केला, आणि हातातला उरलेला अर्धा फ्राय दाजींपुढे धरला. तो त्यांनी न तपासता खाल्ला.